बाहेरून काही नाही

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

पोरगा अंगद, सून बबिता आणि नात राजनंदिनी सकाळच्या गाडीनं चाकणला परत गेले. जाताना अंगद ही डायरी देऊन गेला. खताच्या दुकानात फुकट मिळालेली आहे. वर्षाचे दोनच महिने उरले म्हणून मला दिली असावी. प्रत्येक पानाच्या तळाशी एका किडीचं चित्र आणि तिच्यावरचं औषध छापलेलं आहे. मी यापुढं औषध मारणार नाही, त्यामुळं माझा त्याच्याशी संबंध नाही. कागद चांगला जाड आहे.

काल जेवताना पोरानं निकाल दिला. म्हणाला, तात्या, तुमचं वय झालं एकाहत्तर. आईचे गुडघे गेलेत. मी गुढीपाडव्याला येतो. तोवर जनावरं आन् रान तुमच्यानं नीट सांभाळलं गेलं तर पुन्हा शब्द काढणार न्हाई. न्हाईतर तांबडी आन् शेळ्या विकू, रान बटईनं देऊ, आन् तुमी दोघं तिकडं चाकणला.

माझ्याकडं चोख उत्तर होतं, पण घास तोंडात होता. सत्यभामा चुलीपुढं बसली होती. ती भाकरी थापत राहिली. तिला शेताची काळजी कमी आहे असं माझ्या लक्षात येत चाललं आहे.

पाच महिने आहेत. अडीच एकर रान, विहिरीला पाणी, तांबडी गाय गाभण, दोन शेळ्या, अकरा कोंबड्या, चार गुंठे लसूणघास. एवढ्यावर माणूस राज्य करील. मागच्या महिन्यात पाटोद्याला नैसर्गिक शेतीचं दोन दिवसांचं शिबिर झालं. मी पहिल्या दिवशी जेवणापर्यंत होतो. तत्त्व तेवढ्यात समजलं. शेतातलं शेतात.

निश्चय: पाडव्यापर्यंत बाहेरून काही आणायचं नाही. चारा नाही, खत नाही, औषध नाही.

बीपीच्या गोळ्या यात धरायच्या नाहीत.

५ नोव्हेंबर. सकाळी ७.

गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, बाहेरून काही नाही. 'बाहेरून'ला जागा जास्त गेली, त्यामुळं 'नाही' कोपऱ्यात दबलं. लांबून 'बाहेरून काही' एवढंच दिसतं. सत्यभामा म्हणाली, कुणासाठी लिवलं? तांबडीला वाचता येत न्हाई. मी म्हणालो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. ती म्हणाली, इकडं येतंय कोण, एक मेंढरंवाला सटवा. त्यालाबी वाचता येत न्हाई.

कामाच्या सुरुवातीला असं बोलू नये.

९ नोव्हेंबर.

पिंपात जीवामृत घातलं. तांबडीचं शेण, गोमूत्र, वडाखालची मूठभर माती, गूळ, बेसन. गूळ-बेसन घरातलंच होतं. सत्यभामा म्हणाली, ते झुणक्याचं होतं. मी म्हणालो, जमीनसुद्धा आपली आई आहे, तिनं झुणका खाल्ला असं समज. ती म्हणाली, मग आज आईकडंच जेवायला जा.

हे पाणी सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं असतं, एकाच दिशेनं. उजवीकडून की डावीकडून ते आठवत नाही. बहुतेक जेवणानंतर सांगितलं असावं. सकाळी उजवीकडून ढवळलं, संध्याकाळी डावीकडून. दोन्ही बाजू सांभाळल्या.

११ नोव्हेंबर.

कंबर धरली. ढवळताना. सत्यभामा ढवळते आहे. दिशेकडं तिचं लक्ष नसतं. मी बाजेवरून सांगतो, ती ऐकत नाही. असं असेल तर पुढं पीक आलं नाही तर जबाबदार कोण, हे आज इथं लिहून ठेवतो.

१८ नोव्हेंबर.

काळजीचा दिवस. तांबडी डाव्या कुशीवर बसली होती. रोज उजव्या कुशीवर बसते. मी तिच्यासमोर तासभर उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि रवंथ थांबवलं. गायीनं रवंथ थांबवणं चांगलं नाही. सत्यभामाला बोलावलं. ती म्हणाली, तुमी म्होरं असं टक लावून उभं राहिल्यावर माझाबी घास थांबंल. बाजूला व्हा.

बाजूला झालो. तांबडी परत रवंथ करायला लागली. योगायोग असावा.

ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायला पाहिजे. पाडव्याच्या आत. म्हणजे अंगद येईल तेव्हा गोठ्यात गाय, गायीखाली वासरू, बाजूला चाऱ्याची गंज. त्याला बोलायला जागाच राहणार नाही. हे चित्र रोज एकदा डोळ्यांपुढं आणायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.

मोठा दिवस. सटवाची मेंढरं आपल्या रानात बसवायला आणली.

सटवा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहतो. दीडशे मेंढरं आणि थोडं कोरडवाहू रान. बायको कडूबाई जरा तोंडाळ आहे. मेंढरं एक रात्र शेतात बसली की लेंड्या आणि मूत जागच्या जागी मुरतं. तसं खत पिशवीत मिळत नाही. बदल्यात सटवाला पायलीभर ज्वारी द्यायची. ज्वारी घरची. मेंढरं बाहेरची न्हाईत का, असा सत्यभामानं प्रश्न काढला. मी म्हणालो, ती आपल्या पायानं येतात, आपण आणत नाही.

सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात बसवायची ठरली. सटवा भोवती वाघर लावत होता. वाघर म्हणजे त्यांचं जाळं, त्यात मेंढरं दाटीनं बसतात. मी त्याला थांबवलं. दाटीनं बसली की खत एका जागी ढीगभर आणि बाकीचं रान कोरडं. हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, वाघर लावू नको, मोकळी बसू दे. खत सारखं पडंल. सटवा म्हणाला, तात्या, शेजारी घास हाय. मी म्हटलं, घासाला साड्या बांधल्यात. सत्यभामाच्या जुन्या साड्यांचं कुंपण आहे, तेवढ्यानं रानडुक्कर आत येत नाही. डुकराला जे कळतं ते मेंढराला कळायला पाहिजे.

सटवानं फेटा काढला, झटकला, परत घातला. म्हणाला, रान तुमचं हाय. कडूबाई म्हणाली, मेंढराला साडी काय आन् धोतर काय, तात्या.

शिबिरात हा मुद्दा मी स्वतः जाऊन मांडणार आहे.

२५ नोव्हेंबर. सकाळी.

घास नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

चारी गुंठे जमिनीबरोबर. हिरवी साडी अर्धी खाल्लेली आहे. लाल तशीच आहे. सटवा म्हणाला, एका अंगाला मी जागत बसलो तर दुसऱ्या अंगानं शिरली. मी तुमाला सांगत हुतो. सत्यभामा बांधावर उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

खत मात्र सारखं पडलं आहे. हे कुणीच बघत नाही.

२७ नोव्हेंबर.

शांतपणे विचार केला. लसूणघास मुळापासून फुटतो. कापायचं काम वाचलं.

तोवर तांबडीला काय, हा प्रश्न आहे. कडब्याच्या पेंढ्या मोजल्या. एकशे वीस. रोज पाच लागतात. चोवीस दिवस होतात. नवी ज्वारी निघायला फेब्रुवारी संपेल. पुन्हा मोजल्या. एकशे एकोणीस. मग छातीत धडधडलं, म्हणून मोजणं बंद केलं.

चारा विकत आणायचा नाही. आणला तर अंगद जिंकला. नाही आणला तर तांबडी उपाशी, म्हणजे परत अंगद जिंकला. कसंही केलं तरी पोरगं जिंकतंय.

दुपारी कडूबाई आली होती. ती आणि सत्यभामा चुलीपाशी बराच वेळ बसल्या. मी आत गेलो की गप्प होत. माझ्याबद्दल वाईट वाटत असावं.

३० नोव्हेंबर.

उपाय सापडला. कडबा अख्खा टाकायचा नाही. विळ्यानं बोट-बोट तुकडे करायचे. अख्ख्या कडब्यात जनावर निम्मा तुडवतं. तुकडे केले की पाचाचं काम तीन पेंढ्यांत होतं. सत्यभामा म्हणाली, गाभण गाय हाय, पोटाला मारू नका. मी म्हणालो, हे मारणं नाही, ही पद्धत आहे.

दोन पेंढ्यांचे तुकडे केले. बोट कापलं. बाकीचं ती करते म्हणाली.

८ डिसेंबर.

आज धीर करून पेंढ्या मोजल्या. एकशे दहा.

अकरा दिवसांत फक्त नऊ गेल्या. माझ्या हिशेबानं निदान तेहेतीस जायला पाहिजे होत्या. म्हणजे तुकडे करण्यात माझ्या कल्पनेपेक्षाही जास्त ताकद आहे. तांबडीच्या अंगावर तकाकी आहे. सत्यभामाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, व्हय, लई पुरतंय. आणि पदर तोंडाला लावून आत गेली. कौतुक तोंडावर करायची तिला सवय नाही.

कोंबड्या नऊ भरल्या. दोन कुठं गेल्या कळत नाही.

११ डिसेंबर.

मुंगूस.

शंकाच नाही. विहिरीकडच्या बांधाला बीळ आहे. सत्यभामाला सांगितलं, तिला लगेच पटलं. कधी नव्हे ते. म्हणाली, मुंगूसच आसंल, तुमी त्याच्यावर ध्यान ठेवा, दुपारभर तिकडं बसा.

उद्यापासून खुर्ची आणि काठी घेऊन बिळापुढं.

१९ डिसेंबर.

आठ दिवस बसलो. मुंगूस दिसलं नाही. आज आठ कोंबड्या. मी बिळापुढं असताना ते दुसरीकडून येतं. पीस नाही, रक्त नाही, ओरडणं नाही. इतकं सफाईदार मुंगूस या भागात पूर्वी नव्हतं.

पेंढ्या एकशे बारा. दोन वाढल्या. माझी मोजण्यात चूक झाली असावी, पण चूकसुद्धा माझ्या बाजूनं होते आहे, हे शुभ आहे.

१ जानेवारी.

डायरी संपली. मागं वळून तिच्याच पहिल्या पानांवर आलो. ती कोरीच आहेत. वार जुळत नाहीत. आज बुधवार, डायरी म्हणते सोमवार. यामुळं सकाळी दोन मिनिटं घाबरल्यासारखं झालं.

नव्या वर्षाचा निश्चय: काळजी करायची नाही.

दुपारी तांबडी खोकली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

अंगदचा फोन. तीळगूळ वगैरे. मी त्याला म्हणालो, चारा मुबलक, गाय धडधाकट, बाहेरून काडी आणलेली नाही. तो म्हणाला, तात्या, मला खरंच वाटलं न्हवतं. मी म्हणालो, कुणालाच वाटत नसतं. मग त्याला आईशी बोलायचं होतं. ती फोन घेऊन गोठ्यामागं गेली. खूप वेळ हसत होती. मायलेकांचं काहीतरी.

संध्याकाळी कडूबाई वाण घ्यायला आली. जाताना डोक्यावर झाकलेली टोपली होती. टोपलीतून आवाज आला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, पोट बोलतंय तात्या, सकाळपून उपास हाय. बाईच्या पोटाबद्दल पुढं विचारणं बरं दिसत नाही.

कोंबड्या सहा. सणाच्या दिवशीसुद्धा मुंगसानं सोडलं नाही.

१९ जानेवारी.

सत्यभामाचे गुडघे सुजलेत. तरी संध्याकाळी ओढ्यापलीकडं जाते. मी म्हणालो, रोज त्या कडूबाईकडं गप्पा मारायला जातेस, त्यापेक्षा पाय शेकत बस. ती म्हणाली, गप्पांबिगर करमत न्हाई. येताना डोक्यावर काहीतरी भारा होता. सरपण असेल. गोठ्याकडून येण्याची सवय लागली आहे तिला.

मी मुंगसासाठी सापळा केला. तगारी, काटकी, दोरी. शेळी अडकली.

२ फेब्रुवारी.

कोंबड्या पाच. मी हिशेब असा लावला आहे की, दुबळ्या होत्या त्या गेल्या. उरल्या त्या खऱ्या. याला निवड म्हणतात. हे शिबिरातही सांगितलं असणार.

लसूणघास वीतभर आला. मी रोज बघतो. बघण्यानं वाढतो असं म्हणत नाही, पण मी बघायला लागल्यापासून वाढला आहे.

२३ फेब्रुवारी.

ज्वारी काढणी. सत्यभामानं सावड केली आहे. म्हणजे पंधरा दिवस ती दुसऱ्यांच्या रानात काढायला गेली, आता त्या आठ बाया आपल्याकडं. एक पैसा न देता काम. मी बांधावर छत्री घेऊन देखरेख केली. एक बाई म्हणाली, तात्या, सावली तरी आमच्यावर धरा. मी दोन पावलं पुढं झालो. माझा पाय पडला तिथं कणसं मोडली. मग सगळ्यांनी मला गोठ्यावर ध्यान ठेवायला पाठवलं.

नव्या कडब्याची गंज लागली. आता अंगदनं खुशाल यावं.

एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवतो. मला इथंच मरायचं आहे. तिसऱ्या मजल्यावर नाही. तिथं लिफ्टचं दार बंद झालं की मला श्वास लागतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.

डाव्या हातानं लिहितो आहे. कारण खाली येईल.

तांबडी सकाळपासून उठबस करत होती. सत्यभामा म्हणाली, आज व्यायची. इथंच बसा आन् पाणी तापवा. पहिल्या खेपेला तिचं वासरू मागच्या पायांकडून आलं होतं ते आठवलं. मी ठरवलं, जनावरांचा डॉक्टर आणायचा. डॉक्टर हा माणूस आहे, औषध नाही, त्यामुळं निश्चय मोडत नाही. सत्यभामा म्हणाली, कुटं जाता, सटवा येतोय. तोवर मी रस्त्याला लागलो होतो.

नेकनूरला एसटीनं गेलो. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. बाकावर बसून वाट बघितली. सकाळची गोळी घ्यायची राहिली होती. डोळ्यांपुढं काळं झालं. पुढचं नीट आठवत नाही. दोघांनी धरून समोरच्या माणसांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, बाळंतपण. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि उजव्या हाताला सलाईन लावलं. नर्सनं माझ्या फोनवरून अंगदला फोन केला. मी नको म्हणत होतो. अंगठ्यानं खुणासुद्धा केल्या.

साडेपाचला घरी आलो. कालवड उभी होती. तांबडी तिला चाटत होती. सटवा हात धूत होता, कडूबाई नाळेची जागा पुसत होती, सत्यभामा जमिनीवर पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. कपाळाला शेण लागलं होतं. मी जवळ गेलो. तिनं माझ्या हाताची पट्टी बघितली आणि विचारलं, व्यालं कोण, तांबडी का तुमी?

सगळे हसले. मीही थोडा हसलो.

औषध बाहेरून घेतलं गेलं हे खरं, पण ते जनावराला नव्हे.

१३ मार्च. होळी.

पोळीबरोबर खरवस. कालवड तांबडीच्याच रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती घाबरली नाही. शेपटी वर करून माझ्या धोतरावर मुतली. गोमूत्र शुभ असतं.

सतरा दिवस राहिले. सगळं चित्राप्रमाणं झालं आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा.

तिघंही आले. गुढी उभारली. मी अंगदला हाताला धरून सगळं दाखवलं. गाय. कालवड. शेळ्या. कडब्याची गंज. गुडघाभर लसूणघास. तो बघत होता आणि मान हलवत होता. म्हणाला, मेंढरांनी घास खाल्ला हुता म्हणं, मग मधले तीन महिने चारा कसा पुरला? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मी त्याला तुकड्यांची पद्धत सांगायला बसलो. भिंतीवरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं.

तेवढ्यात राजनंदिनी म्हणाली, आजोबा, दिवाळीत अकरा कोंबड्या होत्या. मी मोजल्या होत्या. मी तिला मुंगसाची गोष्ट सांगितली. ते किती सफाईदार आहे, पीससुद्धा ठेवत नाही, हे रंगवून सांगितलं. कडूबाई साखरेची गाठी द्यायला आलेली होती. ती ओट्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. म्हणाली, तात्या, ते मुंगूस तुमच्यापुढं बसलंय की.

मग सगळं निघालं. एक कोंबडी द्यायची, पंचवीस पेंढ्या आणायच्या. सटवाची मेंढरं रानोमाळ चरतात, त्याच्या कडब्याची गंज पडूनच होती. सत्यभामा संध्याकाळी तिकडं जायची आणि भारा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून यायची. अंधार पडायच्या आत गंजीत रचून टाकायची. त्या गुडघ्यांनी. वर आपल्या घरचं ताकही कडूबाईला. मी बिळापुढं खुर्ची टाकून बसलो होतो.

मी तिला विचारलं, मला का सांगितलं न्हाईस. ती म्हणाली, तुमी मुंगसावर ध्यान ठेवत हुता, तेवढा येळ मला निवांत काम करायला मिळत हुतं.

अंगदला हे संक्रांतीपासून माहीत होतं.

एक मात्र आहे. सटवाची वस्ती ओढ्यापलीकडं असली तरी शिवार एकच आहे. शिवारातलं शिवारात. तत्त्वाला धक्का नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो. कुणी ऐकलं असं वाटलं नाही.

३१ मार्च.

अंगदनं निकाल दिला. चहा पिताना.

म्हणाला, मी दिवाळीत बोललो ते चुकलं. जनावरं इकायची न्हाईत. रान बटईनं द्यायचं न्हाई. हे सगळं बेस चालू हाय.

माझे डोळे भरून आले. मी कप खाली ठेवला. मला उत्तरादाखल दोन शब्द बोलायचे होते.

तो म्हणाला, आईला हितं जमतंय. आईला ऱ्हाऊ द्या. कडूबाई-सटवा हायेत सोबतीला. सावडीच्या बाया हायेत. काळजी हाय ती तुमची, तात्या. परवा सलाईन, उद्या काय. तुमी आमच्यासंगं चला. तिकडं दवाखाना समोर हाय. राजनंदिनीला सकाळी शाळेच्या बसपर्यंत सोडायला माणूस पायजे.

मी सत्यभामाकडं बघितलं. ती कालवडीला दावं बांधत होती. गाठ लवकर बसत नव्हती.

दुपारी एकटी होती तेव्हा तिला विचारलं. तू सांग त्याला. सांग की माझ्यावाचून अडतं. ती कडब्याच्या पेंढीवर बसली. खूप वेळ विचार केला तिनं. खरंच विचार करत होती, टाळत नव्हती. मग म्हणाली, दोन म्हैने जाऊन या. उन्हाळ्यात तसंबी काय काम नसतंय.

उन्हाळ्यात नांगरट असते. बांध असतात. खत असतं. विहिरीचा गाळ असतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी म्हणालो, तुला एकटीला भ्या वाटंल. ती म्हणाली, वाटंल की. मग म्हणाली, पर झोप लागंल.

२ एप्रिल.

निघताना तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं रवंथ थांबवलं नाही. गोळ्या, चष्मा, ही डायरी. सत्यभामानं लोण्याचा डबा आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं. एसटी हलली तेव्हा तिनं हात वर केला, तो माझ्यासाठी की मागं शेळी सुटली होती तिच्यासाठी, ते कळलं नाही.

९ एप्रिल. चाकण. तिसरा मजला.

लिफ्टनं जात नाही. जिन्यानं जातो. बबिता म्हणते, व्यायाम होतो.

इथल्या सगळ्या वस्तू बाहेरून येतात. दूध पिशवीतून, भाजी फोनवरून, पाणी टँकरनं. मी अंगदला शेतातलं शेतात हे तत्त्व समजावून सांगितलं. तो कंपनीत जायच्या गडबडीत होता.

राजनंदिनीची बस सव्वासातला येते. मी सातला खाली नेतो. पहिल्या दिवशी साडेसहालाच नेली, म्हटलं बस लवकर आली तर. ती गेटवर बसून झोपली. आता सातला.

१३ एप्रिल, रविवार.

सत्यभामाचा फोन. मीच केला. तिसऱ्यांदा उचलला, म्हणाली, हात भरले हुते. कालवड उड्या मारते आहे. एक शेळी गाभण आहे. जीवामृताचं पिंप धुऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. कडूबाईनं दोन कोंबड्या परत दिल्या, एक खुडूक बसली आहे, तिच्याखाली बारा अंडी ठेवलीत. लसूणघासाच्या मोकळ्या रानाकडच्या अंगाला जोमानं फुटवा आला आहे, मेंढरं बसली होती ना तिकडं. खत सारखं पडलं होतं, मी म्हणालो. ती म्हणाली, व्हय, ते मात्र सारखं पडलंय.

चार वेळा मनात घोळवून ठेवलेला प्रश्न विचारला, माझ्यावाचून काही अडतंय का. ती म्हणाली, अडतंय की. गोठ्याची भिंत सारवायची हाय, तुमचं लिवलेलं मधी येतंय. पुसू का?

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

ती म्हणाली, कालच सारवलं.

मागं तांबडी हंबरल्याचं ऐकू आलं. की दुसरी कुठली गाय असेल. मी विचारलं, शेण घरचंच ना?

घरचंच, म्हणाली.

मग बरं, म्हणालो.

उद्या सुट्टी आहे. बस नाही.